मांत्रिकाला प्रेत मिळेना

कवळीवाल्यांचा संताप बघायचा असेल तर रविवारी दुपारी बघावा. एरवी तो औषधालाही सापडत नसे. माणूस इतका मऊ, की डास चावला तर हात उगारण्याऐवजी त्याचं पोट भरेपर्यंत थांबेल आणि वर विचारेल, अजून हवंय का? दातांच्या डॉक्टरांकडून त्यांच्या कारखान्यात जबड्यांचे साचे येत. हे त्यांवर गुलाबी हिरड्या घडवत, हिरड्यांत एकेक दात बसवत आणि कवळी अशी चकचकीत करून देत की घालणाऱ्याला उगाचच हसावंसं वाटे. त्यांची कवळी घालून एका पेन्शनरानं सायकलची साखळी चावून तोडली म्हणतात. सायकल शेजाऱ्याची होती, त्यामुळे प्रकरण चौकीपर्यंत गेलं आणि गोष्ट खरी ठरली.

तर असा हा कारागीर रविवारी जेवणं आटोपली की मागच्या छोट्या खोलीत शिरायचा, कानांवर हेडफोन चढवायचा आणि काळा मांत्रिक व्हायचा. नाव भस्मराज. पायघोळ काळा झगा, हातात कवटी लावलेली काठी, डोळ्यांत हिरवा जाळ.

"नुसता जाळच," त्यांची बायको म्हणायची. "उजेड काही पडत नाही."

खेळ इंटरनेटवरचा. कुठकुठली माणसं आपापल्या घरी बसून एकाच जंगलात हिंडतात, एकाच गडावर चढतात आणि एकाच राक्षसाकडून मार खातात. सुरुवातीला आपण कोण व्हायचं ते निवडावं लागतं. योद्धा, धनुर्धर, वैद्य, अग्निजादूगार अशी बरीच मंडळी होती. काळा मांत्रिक सगळ्यांच्या खाली, कोपऱ्यात, आणि त्याच्यापुढे 'अनुभवी खेळाडूंनीच निवडावा' अशी लाल अक्षरं. कवळीवाल्यांनी ती अक्षरं वाचलीच नाहीत. त्यांना झगा आवडला. रोज संध्याकाळी प्लास्टरनं पांढऱ्या झालेल्या माणसाला काळ्या झग्याचा मोह पडला तर त्यात त्याचं काय चुकलं?

चुकलं ते पुढे कळत गेलं. काळी विद्या म्हणजे स्वतःचंच रक्त. एक मंत्र म्हटला की अंगातलं थोडं रक्त खाली. पंखा बंद असला तरी विजेचं बिल जसं यायचं ते येतंच, तसा भस्मराज नुसता उभा राहिला तरी झिरपत असे. गावात शिरला की खेळातली कोंबडी पळायची, दुकानदार फळ्या लावायचे. आणि घोडा! घोडा तर त्याला पाठीवर घ्यायलाच तयार नाही. हा जवळ गेला की घोडा फुरफुरायचा, दोन पायांवर उभा राहायचा आणि सरळ निघून जायचा. बाकीची टोळी दौडत गडाशी पोचे, आणि हे डोंगर, ओढा, दलदल तुडवत पायी. मग हेडफोनमधून, स्वयंपाकघरात बसून ह्याच टोळीत खेळणाऱ्या सासूबाईंचा आवाज यायचा.

"जावईबापू पोचले का गं?"

"ओढ्यापाशी आहेत, आई."

"मग मी तेवढ्यात भाजी चिरून घेते."

आणि भाजी चिरून, धुऊन, गॅसवर चढायची तरी जावईबापू दलदलीतच.

त्यात खेळाची कंपनी मधूनमधून सुधारणा करायची. त्या सुधारणांना कंपनी 'समतोल' म्हणे. दर समतोलाला योद्ध्याची ढाल जाड व्हायची, धनुर्धराचा बाण लांब जायचा आणि काळ्या मांत्रिकाचं काहीतरी काढून घेतलं जायचं. आधी त्याचे सांगाडे कमी केले. मग त्यांचा वेग कमी केला. मग त्यांच्या दाढा काढल्या, असं कवळीवाल्यांचं म्हणणं होतं. बाकी कुणाला ते दिसलं नव्हतं.

"बघ तरी," ते टोळीत ढाल धरणाऱ्या मेहुण्याला सांगायचे. "सुळ्यांच्या पुढे एकदम काहीच नाही. हा प्राणी चावणार कशानं?"

"दाजी, तो तलवारीनं मारतो."

"तलवार दिली म्हणून काय दाढा काढायच्या?"

पण हेही त्यांनी गिळलं असतं. गिळण्याचा त्यांना सराव होता. खरं दुखणं घरातच होतं आणि बाहेरच्या खोलीत, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसलेलं होतं.

काळ्या मांत्रिकाची सगळी भिस्त मेलेल्यांवर. रणांगणात कुणी पडलं की त्याला उठवायचं. मांस गळून जातं, सांगाडा उभा राहतो आणि मांत्रिक सांगेल ते करतो. शत्रूचं प्रेत चालतं, आपल्या माणसाचंही चालतं. मरणारा जितका मोठा, तितका सांगाडा दांडगा. ही टोळी कित्येक रविवार ज्या शेवटच्या बुरुजावर डोकं आपटत होती, तिथं तर सांगाडे हवेच होते. कारण तिथं राहायची निखारराणी. तिच्या आगीनं मांस भाजतं, हाडाला काही होत नाही. म्हणजे काम भस्मराजाचंच! पण निखारराणीचे शिपाई मेले की जागच्या जागी त्यांची राख व्हायची, आणि राख उठवता येत नाही. मग प्रेत आणायचं कुठून? आपल्यातलंच कुणीतरी मरायला हवं. आणि आपल्यातलं कुणी म्हणून मरत नव्हतं, कारण टोळीची वैद्य आणि म्होरकी होती कवळीवाल्यांची बायको.

ही बाई बसडेपोत गाड्यांचं वेळापत्रक सांभाळायची आणि भोंग्यावरून घोषणा करायची. आवाजात जरब अशी, की एकदा तिनं "गाडी आत्ता सुटत आहे" म्हटल्यावर इंजिन काढून ठेवलेली बससुद्धा वीतभर पुढे सरकली. तिच्या डेपोतली फेरी कधी रद्द होत नसे, आणि तिच्या टोळीतला माणूस कधी मरत नसे. कुणाला तलवार लागायच्या आधीच मलम लागलेलं असे, आणि मलमाचं मंत्रबळ संपत आलं की ती सगळ्यांना घेऊन बुरुजाबाहेर पळ काढायची. तिच्या नावापुढे खेळात एक छोटं पांढरं कमळ यायचं: जिच्या हातून एकही माणूस गेला नाही आणि जी स्वतःही कधी पडली नाही अशी वैद्य. ते कमळ ती कुणाला दाखवायची नाही, पण लॅपटॉप पुसताना स्क्रीनचा तो कोपरा जरा जास्त पुसायची.

तर बायको कुणाला मरू देईना, आणि नवऱ्याचा धंदा चालेना. बुरुजावर सगळे लढत असताना भस्मराज आपला काठी घेऊन कडेला उभा. कार्यालयात फोटो काढताना नवऱ्या मुलाचा लांबचा काका उभा असतो ना, तसा.

आता कुणी म्हणेल, मग सोडायचा तो खेळ. नाहीतर दुसरं काहीतरी व्हायचं. मेहुणा तेच म्हणायचा. पण दुसरं पात्र घेतलं तर पुन्हा पहिल्या गावातले उंदीर मारण्यापासून सुरुवात, आणि शेवटच्या बुरुजाशी पोचेपर्यंत वर्षं जाणार. तोवर टोळी पुढे आणि हे उंदरांत. आणि टोळी सुटली की रविवार सुटला. ही खरी गोम होती. बायकोची ड्यूटी पहाटेची, ह्यांचं काम दुपारनंतरचं. आठवडाभर दोघं भेटायची ती दारात: एक आत येतोय, एक बाहेर जातोय, किल्ली ह्या हातातून त्या हातात, "दूध आणलंय", "गॅस लावून ठेवलाय", की संपलं. रविवारी सकाळ कपडे आणि फरशा खायच्या. उरायची ती दुपार. त्या दुपारी ती त्यांच्याशी सलग बोलायची. म्हणजे ओरडायची. पण ओरडायला का होईना, भिंतीपलीकडे तरी असायची. आणि गंमत अशी की घरात "अहो" म्हणणारी बायको बुरुजावर त्यांना "ए भस्मराज, मागे हो!" म्हणायची, तेव्हा ह्यांना आपण लग्नाआधीच्या वयाचे झाल्यासारखं वाटायचं. हे ते कुणाला सांगणार? म्हणून ते समतोलावर आणि दाढांवर चिडत.

त्या आठवड्यात एका दुपारी, किल्लीची देवघेव होताना, बायको म्हणाली, "तपासनीस विचारत होते."

तपासनीस म्हणजे तिच्या डेपोतले तिकीटतपासनीस. खेळात अग्निजादूगार. म्हणजे आगीशी आगीनं लढणारे शहाणे, पण त्यांना घोडा मिळायचा.

"काय विचारत होते?"

"टोळीत जागा होईल का म्हणून. बुरुजाचं दार पाचच जणांना उघडतं. तुम्हाला माहीतच आहे."

"मग?"

"मग काय? सगळे मला बोलतात. नवरा आहे म्हणून ठेवलाय, म्हणतात. डेपोत मी कुणाचं असं चालवून घेत नाही." तिनं चपला काढल्या. "ह्या रविवारी काहीतरी करून दाखवा. नाहीतर पुढच्या रविवारपासून ते येतील."

"आणि मी?"

"तुम्ही झोपा. तुम्हाला दुपारची झोप हवीच असते ना?"

त्यांना दुपारची झोप मुळीच नको होती, पण ती आत निघून गेली होती आणि किल्ली ह्यांच्या हातात आली होती. त्या दिवशी कारखान्यात त्यांनी एका कवळीला वरचे दात खाली बसवले. वीस वर्षांत पहिल्यांदा.

रविवारी जेवताना त्यांनी विषय काढला.

"मी काय म्हणतो, ह्या वेळी कुणाला तरी मरू दे."

"कुणाला?"

"कुणालाही. एकच. छोटंसं."

"छोटंसं म्हणजे? नाव सांगा."

कवळीवाल्यांनी पोळीचा तुकडा मोडला आणि परत ठेवला. "तुझ्या भावाला."

"का? माझाच भाऊ का?"

"अगं, तुझाच आहे म्हणजे टोळीत तोच भाऊ आहे. माझा असता तर माझा दिला असता."

"त्याची ढाल गेली तर राणी सरळ आपल्या अंगावर येईल. तो नाही मरायचा."

"मग..." ह्यांचा आवाज आणखी मऊ झाला. "आईंना..."

"मला काय?" सासूबाई स्वयंपाकघरातून ताक घेऊन आल्या. सासूबाई म्हणजे टोळीची धनुर्धर. उभा जन्म शिवणकाम शिकवलेल्या, नजर अशी की पलीकडच्या गच्चीवर वाळत घातलेल्या सदऱ्याचं कुठलं बटण तुटलंय ते सांगत.

"काही नाही, आई."

"मला मारायचं चाललंय ना? ऐकू आलं मला. ह्या घरात मी म्हातारी झाल्ये एवढंच, बहिरी नाही झाल्ये."

"खेळात हो, आई. खेळातच."

"खेळात का होईना, जेवताना कशाला बोलायचं?"

शेवटी कोडं सुटलं ते गिअरदादामुळे. हा डेपोतला मेकॅनिक. खेळात कुऱ्हाडवाला. बोलताना प्रत्येक गोष्ट गिअरवर आणायचा म्हणून गिअरदादा. हेडफोनवर सगळे जमल्यावर बायकोनं अडचण सांगितली, तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, मी मरतो ना. त्यात काय! मी पहिल्या गिअरवर आत जातो, राणीसमोर उभा राहतो, तुम्ही मलम लावू नका. मी मेलो की कवळीवाल्यांनी मला उठवायचं. मी तेवढ्यात चहा घेतो."

"नक्की?"

"एकदम नक्की. उलट मजा आहे. बसल्या जागी लढाई."

"ठीक आहे," बायको म्हणाली. तिचा आवाज भिंतीतूनही आला आणि कानातूनही. "सगळ्यांनी ऐका. गिअरदादा मरणार आहेत. कुणीही मध्ये पडायचं नाही. भस्मराज, तू तयार राहा. आज उजेड पाड."

बुरुजाचं दार उघडलं. निखारराणी सिंहासनावरून उठली. दर वेळी उठायची तशीच, आळस देत, म्हणजे आपला अपमान करायला. गिअरदादा कुऱ्हाड खांद्यावर टाकून सरळ तिच्यापुढे गेला. तिनं फुंकर मारली. गिअरदादा पेटला. त्याची जीवनपट्टी अर्ध्यावर आली, पावावर आली, नखाएवढी राहिली. कवळीवाल्यांचं बोट 'उठव' ह्या बटणावर. बटण अजून करडं होतं, पण आता उजळणार, आता...

पट्टी एकदम काठोकाठ भरली.

"अगं!"

"चुकून झालं," बायको म्हणाली. "हात गेला."

"मॅडम, मी मरतोय," गिअरदादानं आठवण दिली.

"हो, हो. पुन्हा जा."

गिअरदादा पुन्हा गेला. पुन्हा पेटला. पुन्हा नखाएवढा उरला. आणि पुन्हा ताजातवाना झाला.

"काय चाललंय तुझं?" कवळीवाले भिंतीकडे तोंड करून ओरडले. हेडफोन लावलाय हे ते विसरलेच.

"कानात ओरडू नकोस! माझा हात आपोआप जातोय. लाल पट्टी दिसली की जातो."

"हातावर बस मग!"

"हातावर बसले तर बाकीच्यांना कोण बघेल?"

"ताई, माझी ढाल तापलीये," मेहुणा म्हणाला.

"मॅडम, मी आता तिसऱ्यांदा जातो, पण जरा मन घट्ट करा. असं मध्येच ब्रेक लावला की गिअरबॉक्सची वाट लागते."

तिसऱ्यांदा तिनं डोळे मिटले. खरंच मिटले, भस्मराजाला दिसले नाहीत, पण नवऱ्याला भिंतीपलीकडून कळलं. आणि मिटल्या डोळ्यांनी तिच्या बोटांनी बरोबर ते बटण शोधलं. गिअरदादा जळता जळता टवटवीत झाला. असं मरायला निघालेलं आणि दर वेळी बरं होऊन परत येणारं गिऱ्हाईक कुठल्या मांत्रिकानं पाहिलं नसेल. कवळीवाल्यांनी कपाळ टेबलाला टेकवलं. टेबलावर कारखान्यातून घरी आणलेल्या साच्यांचं प्लास्टर सांडलेलं होतं, ते भुवयांना लागलं.

"जाऊ दे," ते म्हणाले. "तपासनिसांना बोलवा. त्यांच्याकडे घोडा पण आहे."

सासूबाईंनी दोन बाण सोडले, तेवढाच आवाज. मग बायकोचा आवाज आला. डेपोतला, भोंग्यावरचा.

"माझं मंत्रबळ संपलंय. सगळं गिअरदादांवर गेलं. आता मी कुणाला वाचवू शकत नाही."

"मग पळायचं का, ताई?"

"पळायचं नाही. मी पुढे जाते. भस्मराज, काम सांभाळ."

आणि हिरव्या शालीतली वैद्य चालत चालत, घाई न करता, फलाटावरून गाडीकडे जावं तशी निखारराणीकडे गेली. राणी क्षणभर गोंधळली असावी. वैद्य स्वतःहून जवळ आलेली तिनंही पाहिली नव्हती. मग तिनं फुंकर मारली.

बायको पडली. तिच्या नावापुढचं पांढरं कमळ मिटलं आणि नाहीसं झालं.

कवळीवाल्यांच्या स्क्रीनवर 'उठव' हे बटण उजळलं. किती दिवसांनी! हिरवंगार, लखलखीत. त्यांनी ते दाबलं. प्रेतावरून धूर निघाला, हाडं उभी राहिली. काय सांगाडा होता तो! टोळीतली सगळ्यात मोठी खेळाडू, तिचा सांगाडा बुरुजाच्या छताला डोकं लागेल एवढा. खांद्यावर हिरव्या शालीची चिंधी. तो वळला आणि भस्मराजाकडे बघत हुकुमाची वाट पाहू लागला. लग्न झाल्यापासून हे कधी घडलं नव्हतं.

"पाठवा!" मेहुणा ओरडला. "दाजी, पाठवा तिला!"

कवळीवाल्यांनी हुकूम दिला. सांगाडा वळला, चालू लागला आणि जाऊन एका जाड खांबामागे उभा राहिला.

"हे काय?" मेलेल्या बायकोचा आवाज आला. मेलेल्यांना हात-पाय हलवता येत नाहीत, पण बोलता येतं. "मी इथं काय करतेय?"

"थांब जरा."

"कशासाठी थांबू?"

"तिची आग कमी होऊ दे."

"हाडांना आग लागत नाही! म्हणून तर मी मेले!"

आता वैद्य नाही म्हटल्यावर बाकीच्यांचं किती टिकणार? गिअरदादा, जो कधीचा मरायला बसला होता, तो एकदाचा मेला. "हुश्श," म्हणाला. कवळीवाल्यांनी त्याला क्षणात उठवलं आणि राणीच्या अंगावर सोडलं. मग मेहुण्याची ढाल वितळली. मेहुणा पडला, उठला, गेला. मग सासूबाई. त्यांनी मरता मरता शेवटचा बाण राणीच्या डाव्या डोळ्यात बरोबर घातला. त्या पडल्या तोच त्यांचाही सांगाडा उभा केला आणि धनुष्य न देताच पुढे ढकलला.

"जावईबापू! मी धनुर्धर आहे, मला काय एवढ्या जवळ पाठवताय?"

"आई, तुम्ही मेलेल्या आहात. बोलू नका."

"मेले म्हणून काय मारामारी करू ह्या वयात?"

"उजवीकडून जा! आई, उजवीकडून! गिअरदादा, पाय धर तिचा! हं, धर! ए मेहुण्या, डोक्यावर चढ!"

आजूबाजूच्या दहा घरांना ऐकू गेलं असेल. मऊ म्हणून ओळखला जाणारा माणूस, पण त्याच्या आवाजानं त्या दिवशी मागच्या खोलीतले साचे फळीवर थरथरले, एका साच्यातला जबडा मिटला, असं सांगतात. तीन सांगाडे निखारराणीला चावत होते, बिनदाढांचे का होईना. राणीची पट्टी उतरत होती. अर्धी, पाव, नख. कुठल्याच रविवारी ती इतकी उतरली नव्हती. भस्मराजाचं रक्तही उतरत होतं, पण तिकडे बघायला कुणाला सवड होती?

मग राणीनं अंग झटकलं आणि तिन्ही सांगाडे फुटून हाडं चहूकडे उडाली. पट्टीत केसाएवढी लाल रेघ उरली. एक फटका. एकच.

"आता मी," खांबामागून आवाज आला. "पाठव मला. आत्ता."

कवळीवाल्यांचं बोट हुकुमाच्या बटणावर गेलं. समोर राणी उभी होती, एक डोळा फुटलेली, पिसाळलेली, मूठ उगारलेली. खांबामागे हिरवी चिंधी हलत होती.

"भस्मराज! पाठव म्हणते ना! काय बघतोस?"

"दाजी!"

"कवळीवाले, टाका गिअर!"

त्यांनी बोट उचललं. मग काठी घेऊन भस्मराज स्वतःच पुढे निघाला. पायीच, अर्थात. त्यानं एक मंत्र म्हटला, थोडं रक्त गेलं, राणीला लागलं नाही. दुसरा म्हटला, तोही हुकला. तिसऱ्या मंत्राला लागणारं रक्त त्याच्या अंगात उरलंच नव्हतं, तरी म्हटला. काळा मांत्रिक निखारराणीनं मारला नाही. तो स्वतःच्याच मंत्रानं कोरडा होऊन तिच्या पायाशी पडला. आणि मालक मेला की चाकर उरत नाही. खांबामागे हाडांचा मोठा ढीग खळ्ळकन कोसळला.

राणी आळस देत सिंहासनावर जाऊन बसली.

मग बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बायको दारात उभी राहिली. हेडफोन तिच्या गळ्यात लोंबत होता.

"तुम्ही मला खांबामागे उभं केलं," ती म्हणाली.

कवळीवाल्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"मी मेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मेले. कमळ गेलं माझं. कशासाठी गेलं? खांबाला टेकून उभी राहायला?"

"लागलं असतं," ते म्हणाले.

"काय?"

"तुला लागलं असतं. ती मूठ बघितलीस का?"

"मी सांगाडा होते!"

"हो, पण..." त्यांनी भुवयांवरचं प्लास्टर खाजवलं. "शाल तुझी होती ना."

भोंग्यावर जिचा शब्द कधी अडला नाही तिला काय घोषणा करावी ते सुचेना, ह्याचाच तिला आणखी राग आला. "तीन वर्षं डोकं खाल्लंत माझं. प्रेत दे, प्रेत दे. दिलं तर म्हणे लागलं असतं! अहो, मग हवं होतं कशाला?"

"टोळीत राहायला."

"तिथं काय ठेवलंय एवढं?"

"रविवार," कवळीवाले म्हणाले, इतक्या हळू की तिला ते पुन्हा विचारावं लागलं, आणि पुन्हा सांगायला त्यांनी साफ नकार दिला. पण तिला ऐकू आलं होतं.

बाहेर टेबलावरच्या लॅपटॉपमधून मेहुण्याचा बारीक आवाज येत होता. "ताई? ताई, आहेस का? केसाएवढी उरली होती गं! इतके जवळ आपण कधीच नव्हतो. तपासनिसांना काय सांगायचं?"

बायको मग बाहेर जाऊन म्हणाली, "सांग त्यांना, जागा नाही." आणि परत आत आली. "पण एका अटीवर. पुढच्या रविवारी मी आधी मरणार, आणि मला सगळ्यात आधी पाठवायचं. खांब नाही, कोपरा नाही. कबूल?"

"बघू."

"बघू नाही! कबूल की नाही?"

"कबूल."

"माझ्याकडे बघून म्हणा."

कवळीवाल्यांनी तिच्याकडे बघितलं. तिची वेणी सुटली होती, हेडफोनचा वळ कानावर उमटला होता आणि ती अजून रागानं धापा टाकत होती. "कबूल," ते म्हणाले, आणि पाठवणार नाहीत हे तिलाही दिसलं, त्यांनाही दिसलं, आणि मधल्या दारातून डोकावणाऱ्या सासूबाईंना तर चष्म्याशिवाय दिसलं.

"कसला माणूस आहे हा!" बायको छताला म्हणाली. "ह्याला घेऊन मी बुरूज जिंकणार कसा?"

"ते तुमचं तुम्ही बघा," सासूबाई म्हणाल्या. "पण जावईबापू, मला मात्र काय झटक्यात पाठवलंत हो! धनुष्यसुद्धा उचलू दिलं नाहीत."

कवळीवाल्यांनी हेडफोन घाईघाईनं परत कानांवर चढवला. आत कुणीही बोलत नव्हतं, तरी ते मान डोलावत राहिले.